मिस्त्रींची उघड्या छपराची गाडी

मिस्त्रींना किळस फार लवकर यायची. हॉटेलच्या टेबलावरून फिरणारं ओलं फडकं, कंगव्यात अडकलेले केस, थुंकी लावून कागद उलटणारा कारकून, यातलं काहीही नजरेला पडलं की ते उठून चालू लागायचे. कुणाच्या घरी गेले तर पाण्याचा पेला आधी उजेडात धरून बघायचे आणि मग तोंड वाकडं करून तो तसाच खाली ठेवायचे. बायकोला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि हा एवढा नाजूक गृहस्थ पोटापाण्यासाठी करायचा काय, तर मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा.

ज्यांनी तो कारखाना पाहिला नाही ते सुखी आहेत. माणसांनी खायच्या लायकीची राहिलेली नाही अशी मासळी तिथे ट्रक भरभरून येते. ती शिजते, पिळली जाते आणि मग एका लांबलचक फिरत्या ड्रममध्ये वाळून तिची पिंगट भुकटी होते. ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते. ड्रम अडला की मिस्त्री गुडघ्यांवर रांगत आत शिरायचे, भिंतीला धरलेला चिकट थर खरवडायचे, साखळी जागेवर बसवायचे आणि केसांपासून नखांपर्यंत माखून बाहेर यायचे. सत्तावीस वर्षं हेच. याची किळस येत नाही का, असं कुणी विचारलं तर त्यांना खरोखरच नवल वाटायचं.

"काम आहे ते," ते म्हणायचे. "कामाची कसली आलीय किळस?"

कारखाना समुद्राकाठी आणि घर पंच्याऐंशी किलोमीटर आत, डोंगराच्या अलीकडच्या गावात. हे अंतर बायकोने ठरवलेलं. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. लग्नाआधी ती एकदा कारखान्याच्या फाटकापर्यंत आली होती आणि तिथूनच रुमाल तोंडाला लावून परतली होती. "माणूस चांगला आहे, लग्न करीन," तिने आपल्या भावाला सांगितलं, "पण त्या वासाचा वारासुद्धा पोचणार नाही अशा ठिकाणी राहीन." तेव्हापासून मिस्त्री रोज पंच्याऐंशी जायचे आणि पंच्याऐंशी यायचे. परसात त्यांच्यासाठी वेगळी मोरी होती, वेगळा साबण होता आणि कपडे टाकायला झाकणाचं पिंप होतं. त्या पिंपाला घरातलं दुसरं कुणी हात लावत नसे.

तरी मिस्त्रींची पक्की समजूत होती की आपल्या अंगाला वास येत नाही. तशी सोयच कारखान्यात होती. पूर्वी कधीतरी बसवाल्यांनी तिथल्या कामगारांना बसमध्ये घ्यायचं नाकारलं होतं. तेव्हापासून रीत पडली. पाळी संपली की गरम पाण्याने अंघोळ करायची, कपडे बदलायचे आणि फाटकावर गेटमामांसमोर उभं राहायचं. गेटमामा म्हणजे तिथला पहारेकरी. ते पुढे वाकून प्रत्येकाच्या कॉलरचा वास घ्यायचे, डोळे मिटून क्षणभर विचार करायचे आणि म्हणायचे, "पास!" कुणाला कधी नापास केल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. ते अठ्ठावीस वर्षं त्याच फाटकावर, त्याच वाऱ्याच्या तोंडाला बसलेले होते. त्यांचं नाक कधीच कामातून गेलं असेल, ही शंका दोनशे माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. येणार कशी? दोनशेच्या दोनशे नाकं तशीच होती.

आता लेकीचं. एकुलती एक मुलगी, अंगाने काडी आणि बोलायला फटाकडी. तिला फिजिओथेरपीच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला, तो नेमका कारखान्याच्या अलीकडे दोन किलोमीटरवरच्या मोठ्या इस्पितळात. मिस्त्रींना आकाश ठेंगणं झालं.

"वा! म्हणजे रोज माझ्याबरोबर येशील-जाशील," ते जेवताना म्हणाले. "चार वर्षं दोघं गप्पा मारत जाऊ."

लेक ताटातला भात चिवडत राहिली. "बाबा, होस्टेल मिळतंय ना," ती म्हणाली. "अभ्यासाला बरं पडेल."

"अभ्यास गाडीत कर की. दीड तास जायला, दीड तास यायला."

ती उठून हात धुवायला गेली ती परत आलीच नाही. मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. बायको बराच वेळ भांडी गोळा करत राहिली आणि मग एकदम फुटली.

"अहो, तुम्हाला खरंच कळत नाही का? तुमच्या गाडीत बसलं की तिला ओकारी येते. लहानपणापासून येते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून पोरगी बोलत नाही."

"काहीतरीच! गाडीत बसली की खिडकीतून डोकं बाहेर काढून कशी मजेत असते."

"मजेत? श्वास घेत असते ती!"

गेली बारा वर्षं ते मुलीचं उडणाऱ्या केसांचं डोकं आरशात बघून खूश व्हायचे. आता ते सगळं आठवून त्यांना स्वतःचीच शिसारी आली. ते परसात गेले, आपलाच हात नाकाशी धरून हुंगत बसले. साबणाचा वास आला. दुसरा कसलाही नाही. पण या वेळी त्यावर विश्वास ठेवायची हिंमत त्यांना झाली नाही.

दुसरा एखादा असता तर त्याने निमूटपणे मुलीला होस्टेलवर पोचवलं असतं. पण मिस्त्री पडले यंत्रातले. बिघाड दिसला की उपाय शोधल्याशिवाय त्यांना घास गिळायचा नाही. मुलगी गेली म्हणजे घर रिकामं, आणि चार वर्षांनी ती नोकरी धरून आणखी कुठेतरी लांब. हातात होते ते एवढेच रोजचे तीन तास, आणि ते त्यांना काहीही करून हवे होते. दोन दिवस विचार करून त्यांनी तिढा सोडवला. पोरीला खिडकीबाहेरची हवा चालते ना? मग सगळी गाडीच बाहेरच्या हवेत न्यायची. छप्परच नको!

"छपराची घडी होणारी गाडी घेतोय," त्यांनी कारखान्यात जाहीर केलं. "आणि डिझेलवरची. रोजचे एकशे सत्तर किलोमीटर आहेत, पेट्रोल परवडायचं नाही."

सगळे पोट धरधरून हसले. बॉयलरवाल्याने विचारलं, "मिस्त्री, गळ्यात रुमाल आणि डोळ्यांवर काळा चष्मा पण घेणार का?" ड्रमवाल्याने पुढे जाऊन त्यांना 'हिरो' हे नाव ठेवलं, आणि ते चिकटलं. मिस्त्रींनी लक्ष दिलं नाही. रविवारी गेटमामांना बरोबर घेऊन ते जुन्या गाड्या बघायला निघाले. मामांना कशाला, तर नाक म्हणून.

पहिल्या दलालाने तर तोंडावरच सांगितलं, "उघडी गाडी हौसेची असते आणि डिझेल गरजेचं असतं. दोन्ही एकात मागणारे तुम्ही पहिलेच." तरी त्याने एक काढून दाखवली. आधीच्या मालकाचा कुत्रा होता. मागच्या आसनावर त्याचे केस गालिच्यासारखे बसले होते आणि काचेवर वाळलेल्या लाळेच्या रेघा होत्या. मिस्त्रींनी कप ठेवायच्या खाचेत नुसतं बोट घातलं, तर ते चिकटून राहिलं. आत काय सांडलं होतं आणि कधी, देव जाणे. बाहेर येऊन त्यांनी हात तीन वेळा धुतला. वर गाडी सुरू केली तर धूर गाळायची जाळी तुंबलेली. मालकाने ती आयुष्यभर घर ते बाजार एवढीच चालवली होती. डिझेल गाडीला लांब पल्ला मिळाला नाही की ती जाळी काजळीने बुजते, हे मिस्त्रींना वेगळं सांगायला नको होतं. मामा मात्र आसनांना नाक लावून म्हणाले, "पास!"

"मामा, कुत्रा होता हो इथे."

"असेल. वास नाही."

दुसऱ्या ठिकाणी त्याहून कहर. पायाखालची चटई उचलली तर खाली दोन छत्र्या उगवलेल्या, अळंबीच्या, पांढऱ्या, लुसलुशीत. पाणी वाहून जायची भोकं पानांनी बुजली होती आणि पावसाचं पाणी आत मुरत राहिलं होतं. विकणाऱ्याने त्यावर तोडगा म्हणून आरशाला अत्तराचे पाच कागदी तुकडे टांगले होते. त्या माणसाच्या करंगळीचं नख इंचभर वाढलेलं होतं आणि त्याच नखाने तो अळंबी खरवडून काढायला लागला. मिस्त्रींना मळमळून आलं. ते गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि विजेच्या खांबाला धरून उभे राहिले. माणसं अशी राहतात? अशा घाणीत बसून रोज कामाला जातात? त्यांना साऱ्या जगाचा वीट आला.

त्याच दलालाकडे कोपऱ्यात आणखी एक गाडी होती, डिझेलचीच, स्वच्छ. तिचं छप्पर पत्र्याचं होतं आणि बटण दाबलं की दुमडून मागे जायचं. मिस्त्रींनी ते चार वेळा उघडबंद केलं आणि खाली वाकून बघितलं. तेलाचा पंप, नळ्या, सात बिजागऱ्या आणि वायरींचा गुंता. "हे आज ना उद्या बिघडणार," ते म्हणाले. "कापडी छप्पर बरं. हाताने ओढलं, आकडा लावला, झालं." मिस्त्रीच्या डोक्याने त्यांनी छप्पर निवडलं, तेही असं की जे कधी अडून बसणार नाही. कापड वास पितं आणि पत्रा पीत नाही, एवढी साधी गोष्ट ज्याला नाक आहे अशा कुणालाही सुचली असती. पण गाडी निवडणारी माणसं दोनच होती, आणि दोघंही त्या कारखान्यातली.

तिसरी गाडी एका निवृत्त संगीतशिक्षकाकडे मिळाली. बायको गेल्यावर त्यांनी ती चालवणं सोडलं होतं. निळी गाडी, काळं कापडी छप्पर, डिझेलचं इंजिन आणि सगळा लांबचा प्रवास झालेला. मिस्त्रींनी बॅटरी घेऊन आसनांच्या खाली पाहिलं, खाचांतून काडी फिरवली, चटया उलट्या केल्या. नाव ठेवायला जागा सापडेना, तेव्हा त्यांची थोडी निराशाच झाली. मामांनी "पास" दिला. शिक्षक मात्र सगळा वेळ चार हात दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे होते. किल्ली देताना त्यांनी हात इतका लांब केला की खांद्यातून निखळतो की काय असं वाटावं.

"काय शिष्ट माणूस," परत येताना मिस्त्री म्हणाले. "आपल्याला कामगार समजून लांब उभा होता."

"शिकलेल्या लोकांना घमेंड असतेच," मामा म्हणाले.

लेकीने गाडी पाहिली आणि ती आधी हसत सुटली. मग हसता हसता तिचे डोळे भरून आले, कारण बाबांनी हे कशासाठी केलं ते तिला बरोबर कळलं होतं. होस्टेलची खोली तिने सोडून दिली. बायको काहीतरी बोलायला आली होती, पण बापलेकीचे चेहरे बघून तिने शब्द गिळले.

पहिले दोन महिने मिस्त्रींच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, असं म्हटलं तर त्यांना ते खोटं वाटलं नसतं. सकाळी डोळ्यांना पाणी आणणारा वारा, लेकीच्या डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, डिझेलची घरघर आणि तिच्यावर मात करून ओरडून बोलायचं. कोणत्या सांध्याला किती स्नायू धरून असतात ते ती ओरडून पाठ करायची आणि मिस्त्री ओरडून उत्तर द्यायचे, "म्हणजे ड्रमच्या साखळीसारखंच की!" शेजारून जाणारे ट्रकवाले वळून बघायचे. आपल्या मुलीला आपल्याबद्दल एवढं काही विचारायचं असेल, हे त्यांना माहीतच नव्हतं. ड्रममध्ये उतरताना भीती वाटते का, असं तिने एकदा विचारलं. आजवर कुणी विचारलं नव्हतं. "वाटते," ते म्हणाले, आणि त्यांनाच आश्चर्य वाटलं.

मग थंडी आली. वाऱ्याने लेकीचे कान लाल व्हायला लागले, तिला खोकला झाला, आणि एक दिवस मिस्त्रींनी घाबरत घाबरत छप्पर ओढलं. "सांग हं, त्रास झाला तर लगेच काढतो." दुसऱ्या दिवशी अर्ध्या रस्त्यात तिने काच उतरवली. त्यानंतर ती उतरवायची कमी झाली. थंडी मात्र वाढत गेली आणि छप्पर कायमचंच लागलं. रोज संध्याकाळी कारखान्यातून निघालेला बाप त्या कापडाखाली बसत होता आणि कापड निमूटपणे सगळं पीत होतं.

एका संध्याकाळी लेक गाडीत बसली ती कुरकुरतच. "आज काय झालं माहितीये? एका आजीबाईंच्या गुडघ्याचा व्यायाम घ्यायचा होता मला. मी जवळ गेले तर त्यांनी तोंडच फिरवलं. आमच्या शिकवणाऱ्या बाईंना म्हणाल्या, दुसरी मुलगी पाठवा. माझं काय चुकलं ते कळेचना! आणि हल्ली वर्गात शेजारी कुणी बसत नाही. शिष्ट आहेत सगळ्या."

मिस्त्रींचा पाय ब्रेकवर गेला. त्यांनी गाडी कडेला घेतली.

"काय झालं, बाबा?"

"काच उतरवू का? वास येतोय का तुला?"

"छे! कधीच गेला की तो. मी तुला सांगणारच होते. आता छप्पर लावलं तरी चालतं. मला काही म्हणता काही वास येत नाही." तिने हे इतक्या आनंदाने सांगितलं की एखादं बक्षीसच देते आहे असं वाटावं.

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. कारखान्यात नवा माणूस आला की पहिले आठ दिवस ओकतो, महिनाभर रुमाल बांधतो आणि मग एक दिवस हसत सांगतो की आता वास येत नाही. त्या दिवशी सगळे त्याच्या पाठीवर थाप मारतात. त्यांनी स्वतः कितीतरी जणांच्या पाठीवर मारली होती. आता आपल्या मुलीकडे, तिच्या पांढऱ्या कोटाकडे, स्कार्फकडे, धुतलेल्या केसांकडे त्यांनी पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या कामाची किळस आली. एवढी, की दार उघडून ते रस्त्याच्या कडेला वाकले. लेक त्यांची पाठ चोळत राहिली.

तोंड पुसून त्यांनी गाडी वळवली ती सरळ इस्पितळाच्या होस्टेलकडे.

"इथे कशाला, बाबा?"

"खोली मागायला."

"पण का? आता तर मला काहीच त्रास नाही!"

"म्हणूनच," ते म्हणाले.

होस्टेलच्या बाई टेबलामागे बसून रजिस्टरात काहीतरी लिहीत होत्या. बाहेर कडाक्याची थंडी होती म्हणून खोलीची दारंखिडक्या बंद होत्या. दोघं आत येऊन उभी राहिली. बाईंनी मान वर केली, नम्रपणे "बसा" म्हणाल्या, आणि उठून मागची खिडकी सताड उघडली. मग थोडं थांबून दुसरीही उघडली.

थंड वारा आत आला आणि टेबलावरचे कागद फडफडले. मिस्त्री मान खाली घालून म्हणाले, "हिच्यासाठी खोली हवी होती. आजपासून मिळाली तर बरं."

लेक खिडकीकडे बघत होती. मग तिने बाबांकडे पाहिलं. मग हळूच आपल्या कोटाची बाही उचलून नाकाशी धरली आणि खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. दुसऱ्या बाहीचा घेतला. मग तिथेच, त्या बाईंसमोर, ती लहान मुलीसारखी रडायला लागली, कारण तिला कसलाच वास येत नव्हता.